स्वल्पविरामाचा पहारा

गेल्या वर्षी एक पेपर तिसऱ्या जर्नलला पाठवताना माझ्या दोन संध्याकाळी नुसत्या संदर्भसूचीत गेल्या. पहिल्या जर्नलला मजकुरात चौकटी कंसातले आकडे हवे होते. दुसऱ्याला आडनाव आणि साल. तिसऱ्याला परत आकडेच, पण ओळीच्या डोक्यावर चढवलेले, आणि तेही स्वल्पविरामाच्या नंतर. सूचीत ६३ नोंदी. दुसऱ्या जर्नलसाठी आडनावांच्या वर्णक्रमानं लावलेल्या त्या नोंदी आता मजकुरात येतील त्या क्रमानं लावायच्या होत्या. जर्नलांची पूर्ण नावं मोडून संक्षेप करायचे, संक्षेपात टिंबं द्यायची नाहीत. सहापर्यंत लेखक असतील तर सगळे, जास्त असतील तर सहांनंतर ‘आणि इतर’. पानांच्या आकड्यांत पुन्हा येणारे अंक गाळायचे. म्हणजे २२१–२२८ असं न लिहिता २२१–८.

सगळं केलं, पाठवलं. चार दिवसांनी पेपर परत आला. संपादकांपर्यंत तो पोचलाच नव्हता, कार्यालयातल्या तांत्रिक तपासणीत अडकला होता. कारण एका ओळीत दिलं होतं: सात नोंदींमध्ये जर्नलच्या संक्षेपापुढे टिंब आहे.

ती सात टिंबं शोधता शोधता मी ४१ क्रमांकाच्या नोंदीशी थबकले. तिच्या आधारानं आम्ही लिहिलं होतं की अमुक परिणाम माणसांमध्ये दिसून आला आहे. काहीतरी खटकलं म्हणून मूळ पेपर उघडला. प्रयोग उंदरांवरचा होता. चूक आमचीच. कोणीतरी दुसऱ्या कुणाच्या आढाव्यातून वाक्य उचललं होतं, आणि मग ते मसुद्यांतून पुढे सरकत राहिलं. चार सहलेखकांनी ते वाचलं होतं. पहिल्या जर्नलच्या दोन परीक्षकांनीही वाचलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. टिंबं मात्र सातच्या सात पकडली गेली.

तेव्हापासून माझं म्हणणं असं आहे: संदर्भ अमुकच साच्यात हवेत ही अट जर्नलांनी लेखकांवर घालणं बंद करावं. पहिल्यांदा पाठवताना नको, दुरुस्तीनंतर नको, पेपर स्वीकारल्यानंतरही नको. स्वल्पविराम आणि टिंबं हे छपाईच्या बाजूचं काम आहे, ते तिकडेच राहू द्यावं. लेखकाकडे मागायचं ते वेगळं आहे, आणि आज ते फार थोडी जर्नलं मागतात.

हे नियम कोणाच्या तरी लहरीतून आले, असं मात्र मी म्हणणार नाही. कंसात नाव आणि साल देण्याची पद्धत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधापर्यंत मागे नेतात. निबंध होता बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर. तळटिपांच्या जंगलात वाचकाला हरवू न देता, कोणी आणि केव्हा म्हटलं हे तिथल्या तिथे सांगायची सोय त्यांनी केली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली आपले नियम छापले तेव्हा ते जेमतेम सात पानांत मावले होते. त्या सात पानांचं आज एपीएचं (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचं) जाडजूड पुस्तक झालं आहे, सातव्या आवृत्तीत.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट व्हँकूव्हरची. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले. टंकलेखन यंत्राचा जमाना. पेपर एका जर्नलनं नाकारला की दुसऱ्याच्या पद्धतीनं तो अख्खा पुन्हा टंकून घ्यावा लागे. हा जाच संपवायचा म्हणून सगळ्यांनी मिळून एकच साचा ठरवला. त्या साच्यातला पेपर आमच्यापैकी कोणीही स्वीकारेल, असा तो करार होता. १९७९ साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या नावातच ‘एकसमान आवश्यकता’ असे शब्द होते. म्हणजे आज जिला आपण व्हँकूव्हर शैली म्हणतो ती जन्मली लेखकाचं पुनर्लेखन वाचवण्यासाठी. तिच्या घरात आज काय चाललंय पाहा: एक जर्नल सहा लेखकांनंतर ‘आणि इतर’ म्हणतं, दुसरं तिघांनंतर. एकाला आकडे चौकटी कंसात हवेत, दुसऱ्याला वर चढवलेले. आणि प्रत्येक जण सूचनांमध्ये निष्पापपणे लिहितो, ‘आम्ही व्हँकूव्हर शैली वापरतो’.

संदर्भ मांडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी शैलींचं एक खुलं भांडार आहे. त्यात दहा हजारांहून अधिक शैली नोंदलेल्या आहेत. बऱ्याचशा नुसत्या दुसऱ्या शैलीकडे बोट दाखवतात हे खरं, पण तरी उरलेल्या हजारोंच्या घरात जातात. लेखक, साल, शीर्षक, जर्नल, खंड, पान. या सहा-सात गोष्टी हजारो तऱ्हांनी मांडण्यात कोणतं ज्ञान वाढतं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

लेखकसंख्येचा नियम घ्या. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत आठ किंवा जास्त लेखक असतील तर पहिले सहा, मग तीन टिंबं, मग शेवटचा. सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत सगळे; एकवीस झाले की पहिले एकोणीस, तीन टिंबं, शेवटचा. हे ठरवताना कोणीतरी गंभीरपणे बैठका घेतल्या असणार. दरम्यान २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा पेपर आला, त्याला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी विज्ञान नऊ पानांत, बाकी चोवीस पानं नावांची आणि त्यांच्या संस्थांची.

या सगळ्याला किती वेळ जातो? २०१९ साली ‘प्लॉस वन’ या जर्नलमध्ये एक पाहणी आली होती. ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं होतं. उत्तरांचा मध्यक निघाला पेपरमागे १४ तास आणि माणसामागे वर्षाला ५२ तास. त्यात तक्ते, आकृत्या, शब्दमर्यादा असं सगळंच आलं, एकट्या संदर्भांवर ते खापर फोडता येत नाही. तरीही वर्षातला सव्वा आठवडा निव्वळ रंगसफेदीत जातो, आणि तोही बहुतेक वेळा अशा पेपरवर जो ते जर्नल नाकारणारच असतं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, अहो, झोटेरो वापरा! वापरतेच. संदर्भ साठवून हव्या त्या शैलीत मांडणारं सॉफ्टवेअर ते. त्याच जातीचं बिबटेक १९८५ पासून आहे, झोटेरो २००६ पासून, आणि फुकट आहे. शैली निवडा, बटण दाबा, सूची बदलली. कागदावर. प्रत्यक्षात एक सहलेखक फाइल अशा प्रोग्राममध्ये उघडून परत पाठवतो की सगळे जिवंत संदर्भ मरून नुसता मजकूर उरतो. डेटाबेसमधून आलेली काही शीर्षकं सगळी मोठ्या अक्षरांत असतात, ज्याला एकच नाव आहे अशा लेखकाचं आडनाव सॉफ्टवेअर स्वतःच शोधून काढतं, आणि जर्नलची शैली भांडारात असलीच तर ती तीन वर्षं जुनी निघते. पण हे सगळं बाजूला ठेवू. सॉफ्टवेअर हे काम चोख करतं असंच धरू. मग ते जर्नलनंच का करू नये? जे बटण लेखकाच्या संगणकावर आहे ते प्रकाशकाच्या संगणकावर नाही का?

तिकडे तर आणखी मोठं यंत्र आहे. पेपर स्वीकारला गेला की बहुतेक मोठे प्रकाशक तो एक्सएमएल या खुणा लावलेल्या संगणकी रूपात घालतात. त्यासाठी जॅट्स नावाचं प्रमाणित रूप ठरलेलं आहे. तिथे प्रत्येक संदर्भाचे तुकडे होतात: हे आडनाव, ही आद्याक्षरं, हे साल, हे शीर्षक, हा खंड, हे पहिलं पान. तुकड्यांवर खुणा लागतात आणि मग जर्नलची शैली त्यांवरून यंत्रानं नव्यानं उभी राहते. लेखकानं रात्र जागून बसवलेलं टिंब या चरकात पहिल्या फेरीलाच गळून पडतं. म्हणजे आपण पाहुण्यांसाठी घासूनपुसून ठेवलेली भांडी स्वयंपाकघरात गेल्या गेल्या पुन्हा घासायला पडतात, आणि तरी दारातच आपली भांडी तपासली जातात.

पण वेळ वाया जातो ही माझी मुख्य तक्रार नाही. साच्याचा पहारा इतका कडक झाला आहे की संदर्भ खरा आहे का, हे पाहण्याचं काम कोणाचंच उरलेलं नाही, याची मला जास्त भीती वाटते.

१९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. पाच वाक्यांचं. लिहिणारे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय वेदनाशामक औषध दिलं गेलं होतं, आणि ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशांमध्ये व्यसनाची नीट नोंद झालेली फक्त चार प्रकरणं आढळली, एवढंच ते सांगत होतं. रुग्णालयाच्या चार भिंतींतली, देखरेखीखालची गोष्ट. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच जर्नलमध्ये या पत्राचा माग काढला. ६०८ ठिकाणी त्याचा संदर्भ दिलेला सापडला. त्यातल्या ४३९ ठिकाणी, म्हणजे बहात्तर टक्क्यांत, व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. आणि ४९१ ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. या औषधांनी उत्तर अमेरिकेत पुढे काय हाहाकार केला तो सर्वांना ठाऊक आहे. हे पत्र त्याचं एकमेव कारण नव्हे. पण त्या शेकडो संदर्भांत स्वल्पविराम जागच्या जागी असणार, खंड ३०२, पान १२३. कुठल्याच तांत्रिक तपासणीला त्यात खोट सापडली नसती.

दुसरी गोष्ट जरा गमतीची. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा १९७३ सालचा पेपर पदार्थविज्ञानात अतिशय गाजला. दोघांना २०१६ साली नोबेलही मिळालं. त्याच्याआधीच २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी तो पेपर उद्धृत करणारे सुमारे ४,३०० संदर्भ चाळले. त्यातल्या १९६ मध्ये खंडाच्या, पानाच्या किंवा सालाच्या आकड्याची चूक होती. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. एवढे लोक स्वतंत्रपणे तोच अंक चुकत नाहीत. ते दुसऱ्याच्या सूचीतून उतरवून घेतात. त्यावरून दोघांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ पेपर वाचणारे वीस टक्क्यांच्या आसपास असावेत. त्या अंदाजाच्या गणितावर वाद घालता येईल, पण ७८ हा आकडा तिथेच राहतो.

वैद्यकीय जर्नलांतले संदर्भ मूळ पेपरशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. सुमारे चौथा हिस्सा संदर्भांमध्ये मूळ पेपर जे म्हणतो आणि लेखक त्याच्या तोंडी जे घालतात त्यांत फरक निघाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या चुका गंभीर होत्या. आमची ४१ क्रमांकाची नोंद त्या जातीची.

आता शिस्तीचा मुद्दा. ज्याला स्वल्पविराम नीट देता येत नाही त्यानं प्रयोगातले आकडे तरी नीट घेतले असतील का, असं जुनेजाणते विचारतात. एकेकाळी या म्हणण्यात थोडं तथ्य असेल. हातानं लिहिलेली स्वच्छ सूची म्हणजे त्या माणसानं निदान प्रत्येक पेपर हाताळला आहे, अशी एक अंधुक खूण होती. ती खूण आता पुसली गेली आहे. भाषेची प्रारूपं (चॅटजीपीटीसारखी) अस्तित्वात नसलेल्या पेपरांचे संदर्भ देतात, आणि ते दिसायला अगदी निर्दोष असतात: खऱ्या संशोधकांची नावं, खरं जर्नल, पटण्याजोगं शीर्षक, पान क्रमांक, तिरपा ठसा जिथे हवा तिथे. बनावट संदर्भ हल्ली खऱ्यापेक्षा नीटनेटका असतो. तपासनिसानं फक्त नीटनेटकेपणा पाहिला तर तो बनावटाला आत घेईल आणि टिंब चुकलेल्या खऱ्याला परत पाठवेल.

आणि यासाठी प्रारूपांचीही गरज नाही. एल्सव्हियर या मोठ्या प्रकाशकाच्या लेखक-सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक नोंद असे: व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन, ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’, साल २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९. असा पेपर नाही. तसं जर्नलही नाही. नमुना म्हणून रचलेली नोंद ती. तरी तिचा सुमारे चारशे वेळा संदर्भ दिला गेल्याचं वेब ऑफ सायन्स या संदर्भांच्या डेटाबेसमध्ये आढळलं, आणि प्राध्यापिका अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली ते सगळ्यांसमोर आणलं. झालं एवढंच होतं की लेखकांनी, विशेषतः कॉन्फरन्सच्या पेपरांच्या लेखकांनी, तयार साचा घेतला, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ काढायची राहिली. ती मांडणीत अर्थातच अचूक होती, तिच्याकडे बघूनच तर बाकीच्या बसवायच्या होत्या! पुढे काही सूचनांमध्ये तीच नोंद २०१० सालची म्हणूनही दिसते. नसलेला पेपर दहा वर्षांनी तरुण झाला.

शिस्तीपेक्षा मला लहान जर्नलांची अडचण जास्त खरी वाटते. दोन-तीन प्राध्यापक पदरमोड करून, रात्री जागून जर्नल चालवतात. त्यांच्याकडे ना एक्सएमएल, ना मांडणी करणारी माणसं. लेखकानं साच्यात दिलं नाही तर ते त्यांच्याच डोक्यावर येणार. हे मला मान्य आहे, आणि अशा जर्नलनं लेखकाकडे जरूर मदत मागावी. पण मागायची तर सूचीची मूळ फाइल मागावी, जी झोटेरो किंवा तत्सम सॉफ्टवेअरमधून एका झटक्यात निघते. शैली मग संपादकाच्या संगणकावरही तशाच एका झटक्यात बसते. जिथे डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक आहे, तिथे तर तेवढा क्रमांक पुरतो. हे क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून बाकीचा तपशील फुकट मिळतो.

सगळीकडे डीओआय नसतो, हेही खरं. जुनी पुस्तकं, सरकारी अहवाल, दप्तरखान्यातले कागद, वनस्पतींच्या मूळ वर्णनांचे संदर्भ. तिथे नोंद कशी लिहायची याचं ज्ञान लागतं, कारण एक घटक गळला तर वाचकाला वस्तू सापडणारच नाही. इतिहासकार आणि वर्गीकरणशास्त्रज्ञ आपल्या पद्धतींना चिकटून राहतात ते मला समजतं. सापडण्यासाठी जे लागतं ते मागा, कितीही किचकट असो. टिंब सापडण्यासाठी लागत नाही.

परीक्षकांचं काय? परीक्षक म्हणून मला स्वतःला मजकुरात नाव आणि साल असलेलं आवडतं. नाव दिसलं की पेपर आठवतो, दर वेळी शेवटच्या पानावर उडी मारावी लागत नाही. पण ही माझी आवड झाली. पूर्ण आणि एकसारखी असेल तर कोणत्याही शैलीतली सूची मी वाचू शकते, आणि नियतकालिकांचे वाचक गेली शंभर वर्षं हेच करत आले आहेत.

काही प्रकाशकांनी पाऊल उचललं आहे. एल्सव्हियरनं ‘तुमचा पेपर, तुमच्या पद्धतीनं’ अशा अर्थाची योजना आणली, वायलीनं मुक्त मांडणी, ‘ईलाइफ’लाही संदर्भ कोणत्या शैलीत आहेत याचं सोयरसुतक नसतं. पण बऱ्याच ठिकाणी ही सवलत पहिल्या खेपेपुरतीच असते. दुरुस्त्या करून पेपर परत पाठवायची वेळ आली की जुनी यादी पुन्हा हातात पडते. शिवाय नुसती सूट देऊन अर्धंच काम होतं. वाचलेल्या तासांतले दोन तास तरी जर्नलनं दुसऱ्या कामासाठी हक्कानं मागायला हवेत.

मला संपादकपद मिळालं (मिळणार नाही) तर मी लेखकाला एवढंच विचारीन. तुमचा पेपर ज्यांच्यावर उभा आहे असे पाच संदर्भ दाखवा. सगळे ६३ नकोत, पाच. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: त्यात नेमकं काय दिसलं, कोणावर दिसलं, आणि ते कोणत्या पानावर किंवा कोणत्या आकृतीत आहे. विज्ञानाच्या पेपरात आपण वीस पानांच्या निबंधाकडे नुसतं बोट दाखवतो आणि वाचकाला म्हणतो, असेल यात कुठेतरी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे चालत नाही, पान क्रमांक द्यावाच लागतो. आपल्याला का चालावं? परीक्षक ते पाच पेपर उघडतील. बाकीच्या सूचीवर यंत्र फिरू द्या: डीओआय खरा आहे का, तो त्याच पेपरकडे जातो का, तो पेपर मागे घेतला गेलेला नाही ना. मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफनं सर्वांसाठी खुली ठेवली आहे, झोटेरो तर अशा नोंदीवर लाल पट्टी दाखवतं. हे सगळं आजच्या आज होण्यासारखं आहे, आणि याला टिंबं मोजण्यापेक्षा कमी माणसं लागतात.

पाच संदर्भांची ती ओळ आम्हाला कोणी लिहायला लावली असती, तर ४१ क्रमांकाला पहिल्याच दिवशी ‘कोणावर दिसलं’ या प्रश्नाशी अडलो असतो. त्याऐवजी ती चूक टिंबांच्या कृपेनं सापडली, हेही मला कबूल केलं पाहिजे. आम्ही वाक्यात ‘उंदरांमध्ये’ हा शब्द घातला, पुढचा निष्कर्ष थोडा खाली उतरवला, सात टिंबं काढली आणि पेपर पाठवला. तो स्वीकारला गेला. तीन महिन्यांनी प्रूफ आलं. ‘उंदरांमध्ये’ जागेवर होता. तो आधी नव्हता हे कोणालाच माहीत नव्हतं. मी शेवटचं पान उघडलं. संदर्भसूची त्यांच्या यंत्रातून नव्यानं निघाली होती, आणि जर्नलांच्या प्रत्येक संक्षेपापुढे टिंब होतं.